उबेवर लावलेला सूर

इल्काने युरोपातली शहरं पाहिली ती आतून. प्रागला किंवा व्हिएन्नाला आलेली माणसं चर्चमध्ये शिरतात, मान वर करतात आणि ऑर्गनच्या चकाकत्या नळ्या बघून तोंडाचा आ करतात. त्याच वेळी इल्का त्या नळ्यांच्या मागे, कपाटासारख्या अंधारात, दातांत विजेरी धरून पालथी पडलेली असायची. जुन्या मोठ्या ऑर्गनांना दारं असतात आणि दारांवर चित्रं: देवदूत, कर्णे, वीणा वाजवणारा राजा. तिला बहुतेक वेळा त्या चित्रांची पाठच दिसली. कापडाची उलटी वीण, खिळ्यांच्या रांगा, कुठे पलीकडून झिरपलेला निळा डाग. व्हिएन्नात एका दाराच्या पाठीला चित्रकाराने कुंचला पुसला होता आणि त्या फटकाऱ्यांतून, कदाचित गंमत म्हणून, एक कुत्रं निघालं होतं. अंग खाजवणारं. दिवसभर ते तिच्या खांद्याशी होतं. समोरचे देवदूत कसे होते ते तिने संध्याकाळी खाली उतरून पाहिलं खरं, पण लक्षात राहिलं ते कुत्रंच.

आणि लक्षात राहिले सूर. जुन्या काळी प्रत्येक शहर आपला मूळ सूर आपणच ठरवायचं. शेजारच्या शहराशी तो जुळलाच पाहिजे असं कुणाला वाटायचं नाही. त्यामुळे एका गावाचा ‘सा’ दुसऱ्या गावात नेला की चढा तरी वाटायचा किंवा उतरलेला तरी. इल्का एका शहरातून दुसऱ्या शहरात कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून जायची, आणि डुलकी लागली की मागच्या गावाचा सूर कानात हळूहळू विरघळायचा, जिभेवरची गोळी विरघळते तसा. जाग येई तेव्हा कान रिकामा झालेला असे.

ती फिरस्ती कारागीर होती. उत्तर जर्मनीतल्या तिच्या मुलखात काम शिकून झालं की काही मुलं-मुली अशी घराबाहेर पडतात: काळी रुंद कडांची टोपी, पायाशी फाकलेली काळी मखमली विजार, हातात वाकडी काठी, पाठीला बोचकं. फोन नाही, प्रवासाला पैसे मोजायचे नाहीत, आणि घराच्या आसपासही फिरकायचं नाही. कुठेही फार दिवस मुक्काम करायचा नाही, नाहीतर माणूस मुरतो. काम करायचं, शिकायचं, पुढे जायचं.

फेरारात ती ऑक्टोबरात आली आणि धुकंही तिच्या पाठोपाठच आलं. पो नदीवरून सकाळी निघालेलं धुकं दुपारपर्यंत गल्ल्यांत भरायचं. सायकलस्वार दिसायच्या आधी त्यांची घंटी ऐकू यायची, आणि कधी कधी घंटी ऐकू येऊनही सायकलस्वार दिसायचाच नाही.

तिला कामावर घेणारा उस्ताद पहिल्याच आठवड्यात शिडीवरून पडला आणि पाय मोडून मोदेनाला आपल्या बहिणीकडे जाऊन झोपला. जाताना म्हणाला, “नळ्या माझ्या सगळ्या साफ झाल्यात. बसव आणि सूर लाव. येतं ना तुला?” इल्का हो म्हणाली. इतर शहरांत ती कुणाच्या तरी हाताखालचा हात होती. दोर वळणाऱ्यांच्या जुन्या वस्तीतलं हे छोटं चर्च आणि त्यातला हा वर्षानुवर्षं मुका पडलेला ऑर्गन मात्र आता तिच्या एकटीचा होता.

आणि त्याचं भवितव्यही. वस्तीतले औषधवाले ग्वाल्तिएरो झांबोनी, ज्यांना सगळे डॉक्टरच म्हणत, चर्चला विजेवरचा नवा ऑर्गन भेट द्यायला तयार होते. फादर एर्मेस भिडस्त माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला होता: डिसेंबरातल्या संत लुचियाच्या सणाला जुना ऑर्गन नीट वाजला तर तो राहील. नाही वाजला तर नळ्या पेटीत घालून तळघरात जातील आणि डॉक्टरांची भेट वर चढेल.

“तळघरात ओल आहे,” इल्का म्हणाली होती.

“ते मला माहीत आहे, बाळ,” फादर म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

इल्काने महिनाभर नळ्या बसवल्या. मग सूर लावले. कळपट्टीवर बसायला आर्जिया बोत्तोनी यायच्या, चर्चच्या ऑर्गनवादक, ज्यांच्याकडे इतकी वर्षं वाजवायला ऑर्गनच नव्हता. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगावर दोन कोट, बोटं उघडी राहतील असे हातमोजे.

“पुढची,” इल्का नळ्यांमागून ओरडायची.

“पुढचीच दाबली.”

“मग तिच्या पुढची.”

“पोरी, तू एकदा ठरव. माझं वय होतंय.”

ऑर्गनमध्ये दोन जातींच्या नळ्या असतात. एक शिट्टीच्या जातीची: बासरीसारखी, आतली हवाच गाते. दुसरी जिभेची: तिच्या बुडाशी पितळेची पातळ जीभ असते, ती थरथरते. दर्शनी भागात उभी असलेली छोट्या कर्ण्यांची रांग जिभेच्या जातीची होती. दोन्ही जाती एकमेकींशी जुळल्या की आवाजाला सोन्याचा कस येतो. इल्काने त्या जुळवल्या. सगळा आठवडा चर्चमधला पारा नऊच्या आसपास होता, जराही हलला नाही; दगडी इमारतीचं हेच सुख, असं तिला वाटलं. शेवटी दोन नळ्या एकत्र वाजवल्यावर सूर नुसता उभा राहिला, पाण्यावर एकही तरंग नसावा तसा. आर्जिया काहीच टोचून बोलल्या नाहीत. म्हणजे फार चांगलं झालं होतं.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी चाचणी ठरली. ऑर्गन परत बोलणार म्हणून वस्ती लोटली. इल्काच्या गावाकडे लोक चर्चमध्ये एकमेकांपासून हात-दोन हात अंतर सोडून बसतात. इथे बाकावर माणसावर माणूस, मांडीवर पोरं, भिंतींशी उभे ते वेगळेच, आणि प्रत्येकाने आत येताना एक मेणबत्ती लावलेली. रविवारच्या उपासनेचा मिस्सा जवळजवळ संपत आला तेव्हा आर्जियांनी आधी शिट्टीच्या नळ्या सोडल्या. लोक सुखावले. मग त्यांनी कर्ण्यांची रांग उघडली.

आंबलेला आवाज आला. दोन सख्ख्या बहिणी एकाच दारातून एकदम बाहेर पडू बघताहेत आणि दोघींपैकी कुणीच मागे सरत नाही, तसा. सूर थरथरला, कुरकुरला, त्याच्यावर लाटा उठल्या. एक तान्हं मूल रडायला लागलं.

“आत मांजर अडकलंय का हो?” डॉक्टर झांबोनी शेजाऱ्याला म्हणाले, हळूच, पण चर्चमध्ये हळूच असं काही नसतं. पुढच्या चार बाकांचे खांदे हसण्याने हलले.

आर्जियांनी कर्णे बंद केले आणि उरलेलं शिट्ट्यांवर वाजवून संपवलं. इल्का नळ्यांमागे उकिडवी बसून राहिली. चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती. आपण रडतोय की काय, असं तिला क्षणभर वाटलं. रडत नव्हती.

लोक गेले. बाहेर धुक्यात त्यांची बोलणी विरत गेली. फादर एर्मेस वर आले, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “शिट्ट्या छान होत्या,” आणि खाली गेले. दुपारी इल्का परत वर चढली. नेमकं काय बिघडलं ते तिला स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं. आर्जिया अजून तिथेच होत्या, पिशवीतला पिळाचा पाव मोडून खात.

“दाबा ना पुन्हा,” इल्का म्हणाली. “तोच, सकाळचा.”

“कशाला? एकदा लाज गेली ती पुरे नाही?”

“दाबा.”

आर्जियांनी पावाचा चुरा झटकला आणि दाबलं. सूर उभा राहिला. स्वच्छ. एकही तरंग नाही.

आर्जियांनी कळेवरचं बोट उचललं.

“त्याला माणसं आवडत नाहीत,” आर्जिया म्हणाल्या. “माझ्यासारखाच आहे.”

इल्का हसली नाही. तिच्या डोक्यात गोष्टी एकेक करून आपापल्या जागी बसत होत्या. रिकामं चर्च, सूर बरोबर. भरलेलं चर्च, सूर चूक. काचांवर धरलेली वाफ. तिने खुंटीवरचा तापमापक काढून बघितला: दहा. सकाळी बघितलाच नव्हता.

“ऊब,” ती म्हणाली. “लोक आले, मेणबत्त्या लागल्या. गरम हवा वर चढते, म्हणजे इथे, सज्जात. गरम हवेत ध्वनी जोरात पळतो. शिट्टीच्या नळीत हवाच गाते, म्हणून तिचा सूर चढतो. कर्ण्यात पितळ गातं. पितळाला एवढ्याशा उबेने काही होत नाही. त्याचा सूर आपल्या जागी राहतो.”

“आणि भांडण लागतं.”

“हो. आमच्याकडे चर्चमध्ये हीटर असतो. सूर लावायच्या आधीच चर्चचा माणूस गरम करून ठेवतो. मला कधी विचारच करावा लागला नाही.” तिने तापमापक परत खुंटीला अडकवला. “मी थंड चर्चसाठी सूर लावला. रिकाम्या.”

“रिकाम्या चर्चमध्ये कोण ऐकणार होतं तुझं?” आर्जिया म्हणाल्या. त्या आवाजात टोमणा होता की कीव, इल्काला कळलं नाही. “मग लाव आता गरम चर्चसाठी.”

दुसऱ्या दिवशी फादरनी कुणाकुणाकडून तीन विजेचे हीटर जमवले. तिन्ही एकदम लावले तेव्हा चर्चसकट अर्ध्या गल्लीची वीज गेली आणि केस कापता कापता अंधारात पडलेला न्हावी कात्री घेऊनच रस्त्यावर आला. गॅसची शेगडी इल्कालाच नको होती; तिची दमट वाफ जुन्या लाकडात शिरते आणि काजळी नळ्यांच्या ओठांवर बसते. दोन दिवस असेच गेले. सण दीड आठवड्यावर आला होता. डॉक्टरांच्या भेटीचं खोकं चर्चच्या दारातल्या खोलीत येऊन पडलं होतं, आणि त्याच्यावर लोक छत्र्या ठेवू लागले होते.

बेकरीत रांगेत उभ्या असताना आर्जिया म्हणाल्या, “अगं, माणसांनी बिघडवलं ना? मग माणसंच बसव.”

“काय?”

“बसव त्यांना. दोन तास. काही करायचं नाही, नुसतं गरम राहायचं. तेवढं आमच्या वस्तीला जमेल.”

“पण बोलायचं नाही,” इल्का म्हणाली. “अजिबात. मला लाटा ऐकू यायला हव्यात.”

रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. बेकरीवाली पाव कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “दोन तास न बोलता? फेरारात? पोरी, त्यापेक्षा त्यांच्याकडे एकेक सोन्याची नळी माग, ती देतील.”

पण लोक आले. बुधवारी दुपारी जेवणं आटोपून, पोटात भोपळ्याच्या सारणाच्या काप्पेलाच्ची घेऊन, धुक्यातून एकेक आकृती घट्ट होत दारात उभी राहू लागली. कुणी विणकाम आणलं, कुणी गोधडी. भाजलेल्या चेस्टनटच्या पुड्या खिशांत होत्या. ते गरम राहतात म्हणून, असं सांगण्यात आलं. डॉक्टर झांबोनी आले ते फादरनी खास बोलावलं म्हणून.

“मी इथे नक्की कशासाठी?” त्यांनी विचारलं.

“शेगडी म्हणून, डॉक्टर,” सज्जातून आर्जियांचा आवाज आला. “तुमची दोन माणसांइतकी ऊब आहे. मधल्या बाकावर बसा.”

“सिन्योरा, मी त्या खोक्याचा मालक आहे, विसरू नका.”

“म्हणूनच मधल्या. कडेला बसलात तर पळून जाल.”

डॉक्टर पुटपुटत मधल्या बाकावर बसले. लोकांनी मेणबत्त्या लावल्या. पारा अकरावर गेला, मग तेरावर. सोळावर आल्यावर इल्काने मान हलवली आणि नळ्यांमागे शिरली.

आर्जियांनी पहिली कळ दाबून धरली. शिट्टी आणि कर्णा एकत्र वाजू लागले आणि त्यांच्यामध्ये लाट उठली: वाँव-वाँव-वाँव, भरभर. इल्काने लोखंडी पट्टीने कर्ण्याची जीभ दाबून धरणाऱ्या तारेवर अगदी हलकी टिचकी मारली. लाट मंदावली. वाँऽव. वाँऽऽव. अजून एक टिचकी. लाट लांबत गेली, एका श्वासाएवढी, मग दोन श्वासांएवढी, मग ती होती की नव्हती हेच कळेना, आणि सूर उभा राहिला. पुढची कळ.

असं एकेक. खाली सुरुवातीला कुजबुज होती, खोकला होता, चेस्टनटची सालं मोडल्याचा आवाज होता. मग तेही थांबलं. भरभर येणारी लाट मंद होत होत नाहीशी व्हावी आणि पुन्हा नवी सुरू व्हावी, हे दोन तास ऐकत राहायचं, वर पोट भरलेलं, शेजाऱ्याच्या खांद्याची ऊब. आधी पोरं झोपली, मग म्हातारे. विणकामाच्या सुया मांडीवर आडव्या झाल्या. न्हाव्याची मान मागे पडली. प्रत्येक नव्या सुराबरोबर आणखी कुणीतरी बुडत होतं. श्वास आधी आपापले चालले होते, मग हळूहळू ते लाटांच्या लयीत येऊ लागले; किंवा इल्काला तसं वाटलं. तिने मनातल्या मनात ते मोजून बघायचं ठरवलं आणि दुसऱ्याच क्षणी सोडून दिलं.

दोन कर्ण्यांच्या फटीतून तिला खालचं सगळं दिसत होतं. मेणबत्त्यांचा पिवळा उजेड, तोंडं उघडी, गाल गालांना टेकलेले, गोधड्यांच्या चुण्या, बेकरीवालीचा पाठ वर करून पडलेला हात, पीठ अजून नखांत. इतकी वर्षं तिने चित्रांच्या पाठी बघितल्या होत्या. हे समोरून होतं. ती किती वेळ बघत राहिली कुणास ठाऊक. आर्जियांनी कळ दाबून धरली होती आणि लाट वाहत होती, कुणीही तिला थांबवत नव्हतं.

“झोपलीस का गं?” आर्जिया हलकेच म्हणाल्या.

“नाही.”

“मग मार ना टिचकी. माझं बोट गळून पडेल.”

शेवटची नळी लागली तेव्हा बाहेर सांजावलं होतं. आर्जियांनी दोन्ही रांगा उघडल्या आणि वाजवू लागल्या, एक संथ जुनी चाल, झोपलेल्यांसाठी. आवाजाला कस आला होता. खाली कुणी दचकलं नाही. कुणीतरी झोपेतच कूस बदलली. संपल्यावर डॉक्टर झांबोनी जागे झाले, इकडे-तिकडे बघितलं, गालावरून हात फिरवला.

“कसा वाटला, डॉक्टर?” फादरनी विचारलं.

“काय?”

“ऑर्गन.”

“मी झोपलो होतो.” मग जरा विचार करून, थोडे वैतागून: “मी पंधरा वर्षांत दुपारचा झोपलो नाही, फादर. स्वतःच्या दुकानातल्या गोळ्या घेऊनसुद्धा. पण ते खोकं परत जाणार नाही हं. झोपलेल्या माणसाची साक्ष धरायची नसते. सणाला बघू.”

सणाच्या संध्याकाळी मात्र बुधवारी नव्हते तेही सगळे आले. बुधवारची गोष्ट शहरभर झाली होती. नदीपलीकडचेही सायकली भिंतीला लावून आत शिरत होते. इल्का सज्जात तापमापक हातात घेऊन उभी. पंधरा, सोळा. बरोबर. मिस्सा सुरू झाला, आणि संत लुचियासाठी प्रत्येकाने एकीऐवजी दोन-दोन मेणबत्त्या लावल्या. सतरा. साडेसतरा. आर्जियांनी मागे वळून बघितलं. इल्काने बोटांनी दाखवलं: पारा वर चढतोय.

“मग?” आर्जियांनी नुसत्या ओठांनी विचारलं.

ऑर्गनच्या पाठीमागे, भिंतीत उंचावर एक गोल झरोका होता, धूळ बसलेला, आणि त्याची दोरी खाली लोंबत होती. इल्काने ती ओढली. गंजलेली बिजागरी जरा कुरकुरली आणि धुकं आत आलं. आधी एक जीभ, मग पदर. ते नळ्यांच्या डोक्यांवरून हळू उतरलं. पारा खाली सरकू लागला. सतरा. फार खाली गेला तर उलटं भांडण. तिने दोरी सैल सोडली, झरोका अर्धा मिटला. सोळा आणि जरासं.

आर्जियांनी कर्ण्यांची रांग उघडली.

सूर उभा राहिला.

पुढचा सगळा वेळ इल्का दोरीला धरून होती. खाली लोक गाण्यात सामील झाले की त्यांच्या श्वासाने ऊब वाढायची, ती दोरी एक मूठभर ओढायची. लोक गुडघ्यांवर बसून गप्प झाले की सोडायची. काही वेळाने तिने तापमापकाकडे बघणं बंद केलं. सुराच्या कडेला लाट उठू बघतेय असं वाटलं की हात आपोआप हलायचा. आर्जिया नळ्यांच्या अलीकडे वाजवत होत्या, ती पलीकडे धुकं वाजवत होती, आणि मध्ये कुठेतरी ऑर्गन गात होता.

मिस्सा संपला, शेवटचं गाणं तेवढं उरलं. मधल्या बाकावर डॉक्टर झांबोनी उठून उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, हळूच नाही, म्हणाले, “ते खोकं शाळेला द्या, फादर. पोरांना नाचायला उपयोगी पडेल.”

फादर एर्मेसनी वेदीवरून हात वर केले. “आणि आपली पाहुणी कारागीर, तिने खाली यावं. आपण सगळ्यांनी तिला आशीर्वाद द्यावा अशी माझी इच्छा आहे. इल्का, ये बाळ.”

“सांगा त्यांना, येता येत नाही,” इल्का नळ्यांमागून म्हणाली. “अजून शेवटचं गाणं आहे ना? मी दोरी सोडली तर संपलं.”

आर्जिया कठड्यावरून वाकल्या. “तिचे हात गुंतलेत, फादर. इथूनच द्या काय द्यायचं ते.”

सगळं चर्च वळलं आणि वर बघू लागलं, शेकडो चेहरे. इल्का कुणालाच दिसली नाही. त्यांना दिसल्या फक्त नळ्या, आणि नळ्यांच्या मधून हळूहळू बाहेर येणारं धुकं. त्यालाच त्यांनी आशीर्वाद दिला.